चिणलेली खिडकी

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात लाखेच्या बांगड्या करणारं एक कुटुंब राहत होतं. कारागिराचं नाव भिकोबा. घरात त्याची बायको मथुरा, म्हातारी आई आणि नुकतंच रांगायला लागलेलं लेकरू. भिकोबाच्या बांगडीला कधी चीर नसायची, म्हणून आसपासच्या गावांत तिला मोठी मागणी होती.

लाख कोळशाच्या शेगडीवर तापवून मऊ करायची आणि मऊ आहे तोवरच वळायची. मध्येच गार वारा लागला की ती तडकते. म्हणून भिकोबाच्या वडिलांनी घरातली एकुलती एक खिडकी दगडमातीनं चिणून टाकली होती. दारही दिवसभर लोटलेलं असायचं. कोळशाचा आणि जळक्या लाखेचा वास घरात कायम कोंडलेला असे.

थंडी पडली तशी लेकराला धाप लागू लागली. छाती घरघरायची, दूध पिताना दम लागायचा. सासूनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. वैद्याचा काढा झाला. उतार पडेना.

मथुरेच्या एक गोष्ट लक्षात आली. लेकराला घेऊन ती ओढ्यावर धुणं धुवायला गेली की त्याची घरघर कमी व्हायची. ते हसायचं, चिखलात खेळायचं. घरी आलं की पुन्हा तेच. तिनं हे पुन्हापुन्हा पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या घरातली हवाच पोराला बाधतेय. खिडकी उघडू या."

"वेडी आहेस का? पाटलांच्या लेकीचा चुडा द्यायचाय. वारा आत आला तर एक बांगडी धड निघायची नाही."

"चुड्याला उशीर झाला तर पाटील रागावतील. पोराला उशीर झाला तर काय करायचं?"

भिकोबा पुन्हा लाख वळू लागला. सासू मात्र म्हणाली, "माझ्या मालकांनी स्वतःच्या हातानं चिणलीय ती खिडकी. तिला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी भिकोबा बाजाराला गेला. मथुरेनं लेकराला सासूच्या मांडीवर दिलं, शेजारून पहार मागून आणली आणि पदर खोचून घाव घालायला सुरुवात केली. सासू ओरडत राहिली. शेजारणी जमल्या आणि सुनेचं डोकं फिरलं म्हणाल्या. मथुरेच्या हातांना फोड आले, पण ती थांबली नाही. अखेर दगड निखळला आणि हातभर भोक पडलं.

भिकोबा परतला, कामाला बसला आणि हातातली बांगडी वाऱ्यानं तडकली. त्यानं संतापून भोकात गोणपाट कोंबलं. "पुन्हा हात लावलास तर माहेरी धाडीन!"

"धाडा. पोराला घेऊन जाईन. तिथं खिडक्या आहेत."

दुसऱ्या दिवशी गारठा वाढला. भिकोबानं शेगडीत जास्तीचे कोळसे घातले, दार घट्ट लावलं. मथुरा पाण्याला गेली होती. परत येऊन तिनं दार ढकललं, तर नवरा डोकं धरून बसलेला, सासू भिंतीला टेकून पेंगत असलेली आणि लेकरू निपचित पडलेलं.

हंडा टाकून तिनं पोराला उचललं आणि अंगणात धावली. "आत्याबाई, बाहेर या! अहो, उठा, बाहेर पडा!"

दोघं धडपडत बाहेर आली. मथुरा लेकराची पाठ चोळत होती, त्याला हाका मारत होती. बऱ्याच वेळानं ते हललं, खोकललं आणि मोठ्यानं रडू लागलं. त्या रडण्यानं तिच्या जिवात जीव आला.

सासू मात्र घराकडे बघत बसली होती. "भिका," ती हळूच म्हणाली, "तुझ्या पाठची दोन लेकरं अशीच गेली. खिडकी चिणल्यानंतरच्या थंडीत. अशीच निपचित पडली होती रे. आम्ही म्हटलं, कुणाची तरी नजर लागली."

ती उठली आणि मथुरेनं मागून आणलेली पहार अंगणाच्या कोपऱ्यात पडली होती, ती तिनं धरली. ती तिला उचलवेना. भिकोबानं तिच्या हातातून ती काढून घेतली आणि स्वतः घाव घालू लागला. दिवस मावळायच्या आत खिडकी उघडी झाली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. बांगड्यांमागून बांगड्या तडकल्या. मथुरा शेगडीची जागा बदलून बदलून पाहत राहिली. शेवटी दोघांनी शेगडीपुढं मातीचा कमरेइतका आडोसा घातला आणि धूर जायला वरची कौलं सरकवली. वारा आडोशावरून जाऊ लागला, लाख तडकायची थांबली. तोवर पाटलांच्या लेकीचं लग्न होऊन गेलं होतं. पाटील नको ते बोलले. भिकोबानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

लेकराची छाती मोकळी व्हायला थंडी सरावी लागली. मग मात्र ते अंगणात कोंबड्यांमागं भराभर रांगू लागलं.

म्हातारी आता घरी थांबेना. गावात बांगड्या करणारी आणखी घरं होती, आणि त्यांच्याही खिडक्या चिणलेल्या होत्या. ती एकेकाच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची आणि आपल्या दोन लेकरांची नावं घेऊन सगळं सांगायची. "उद्या बघू, आजी," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "बघ की. मी बसलेय." भिंतीचा पहिला दगड निघेपर्यंत ती तिथून हलायची नाही.

तात्पर्य: ज्या हवेत आपली माणसं श्वास घेतात, ती कोंडून केलेलं काम कितीही सुबक असलं तरी थांबवावं, आणि जुनी चूक कळली की ती वाडवडिलांची असली तरी स्वतःच्या हातानं मोडावी.