तांदळावरचं नाव

चौथीही मुलगीच झाली म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं नकोशी. जन्मभर ते ओझं वाहिलेल्या पोरीने कॉलेजच्या अर्जात कागदोपत्री नावाखाली लिहिलं, ‘हाक मारायचं नाव: शर्वरी.’

संस्थापक तात्यासाहेबांनी त्यावर फुली मारली. “वडीलधाऱ्यांनी दिलेलं नाव मुलीच्या जातीनं परस्पर बदलायचं नसतं! हजेरीला नकोशीच पुकारतील. पटत नसेल तर चालायला लाग.”

पोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी तात्यासाहेबांच्या पत्नी बसल्या होत्या. कॉलेज त्यांच्याच नावाचं, ‘सौ. वसुंधराबाई महाविद्यालय’.

“बाईसाहेब, तुमचं माहेरचं नाव काय हो?”

“अनसूया. लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं वसुंधरा लिहिलं.”

पोर तात्यासाहेबांकडे वळली. “म्हणजे वडीलधाऱ्यांनी दिलेलं यांचं नाव तुम्ही तांदळावर अंगठी फिरवून पुसलंत आणि नवं नाव कॉलेजच्या कमानीवर चढवलंत. मी माझंच नाव शाईनं लिहिलं, तर त्यावर फुली?”

वसुंधराबाईंनी तात्यासाहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं, फुली मारलेलं नाव पुन्हा ठसठशीत लिहिलं आणि म्हणाल्या, “जा शर्वरी, वर्गात बस. मला तर त्या ताटापुढे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.”