शिलावतीची वाट

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी उशीरनगरात दृढसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मीठ वाहणाऱ्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव नंदिसेन. उन्हाळ्यात बर्फ वितळून खिंडी मोकळ्या झाल्या, की तो खेचरांवर मिठाच्या गोण्या लादून डोंगरातल्या गावांना जाई आणि मिठाच्या बदल्यात लोकर घेऊन परते. खिंडी दोनच महिने मोकळ्या राहत. त्या दोन महिन्यांवर त्याच्या घरची वर्षभराची चूल पेटे.

एका वर्षी तो निघण्याच्या तयारीत असताना एक म्हातारी काठी टेकत खेचरांच्या तळावर आली. तिचे नाव सोमदत्ता. ती नगरातल्या विणकरआळीत राहत असे. इकडचे तिकडचे काही न बोलता तिने विचारले, "शिलावतीला जाणारा तूच का रे, बाळा?"

शिलावती म्हणजे देवदारांच्या रानापलीकडे, सहा दिवसांच्या चढावरचे गाव. सोमदत्ता तिथली लेक. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती खाली आली, त्याला सत्तेचाळीस वर्षे झाली होती. नवरा चांगला होता. दर वर्षी म्हणे, "पुढच्या उन्हाळ्यात नेतो हं." मग मुले झाली, माग वाढले आणि एके वर्षी तो म्हणणाराच गेला.

"दुपारी उत्तरेचा वारा सुटला ना, की माझा हात मागावर थांबतो," सोमदत्ता म्हणाली. "सुना हसतात. गुडघे आहेत तोवर एकदा जाऊन येऊ दे मला. धाकटी बहीण असेल तिथं, वेणू. मी निघाले तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. दारात उभी राहून नुसती बघत होती." एवढे बोलून तिने मनगटातले सोन्याचे कडे काढून पुढे केले.

अकरा वर्षांपूर्वी शिलावतीवरचा कडा कोसळला होता आणि सगळे गाव दगडांखाली गेले होते. कोणीही वाचले नव्हते. मिठवाल्यांना हे ठाऊक होते, पण डोंगरातली बातमी विणकरआळीपर्यंत कोण नेणार?

"कडं राहू दे. उद्या ये, माय," एवढेच नंदिसेन म्हणाला.

त्याचा सोबती कोटुक हे ऐकत होता. म्हातारी वळून चालू लागताच तो म्हणाला, "यात अवघड काय आहे? आपल्या वाटेवर द्रोणग्राम आहेच. बोली जवळपास तीच, घरांवर छपरंही तशीच दगडी. हिची नजर अधू झालीय. तिथं ने आणि सांग, ही तुझी शिलावती. एखादी म्हातारी बहीण म्हणून गळ्यात पडेल, ते मी बघतो. मीठ खपेल, कडं मिळेल आणि ती बिचारी सुखानं डोळे मिटेल. तिचं काय वाईट झालं?"

नंदिसेनाला कड्याचा लोभ नव्हता. पण म्हातारी सुखाने डोळे मिटेल, हे शब्द त्याला सोडीनात. दिवसभर गोण्या शिवताना तो तेच घोळवीत राहिला. मग त्याच्या मनात आले, की सत्तेचाळीस वर्षे जपलेली माया परकीच्या गळ्यात पडेल आणि जिच्यासाठी जपली ती तिकडे दगडांखालीच राहील. ते त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सोमदत्ता आली ती नवे लुगडे नेसून.

"माय, शिलावती राहिली नाही," तो म्हणाला.

"खोटं! न्यायचं नाही म्हणून सांगतोस."

त्याने जे होते ते सगळे सांगितले. ती मिठाच्या गोणीवर बसली. तिने विचारले, "कुणीच नाही?"

"कुणीच नाही, माय."

ती उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "तरी ने."

कोटुक हसला. "तिथं मीठ कोण घेणार? दगड?" आणि आपली खेचरे घेऊन तो पुढे गेला. शिलावतीच्या वाटेवर दुसरे गाव नव्हते आणि परतल्यावर फेरी पुरी होण्याइतका हंगाम उरणार नव्हता, म्हणून नंदिसेनाच्या गोण्या तळावरच राहिल्या. बायकोने विचारले, "हिवाळ्यात खायचं काय?" तिने डबा खरवडून उरलेले सातू फडक्यात बांधून दिले.

सोमदत्ता खेचरावर बसेना. "चालत उतरले, चालतच चढेन." सहा दिवसांची वाट त्यांना अकरा दिवस लागली. दर वीस पावलांवर ती धापा टाकत थांबे. भूर्जाची झाडे लागली तेव्हा मात्र तिचे पाय आपणहून वळू लागले. एका खडकाशी ती म्हणाली, "इथं मी मागं वळून पाहिलं होतं. बाबा म्हणाले, पुढं बघ, पडशील. नाहीतर अजून थोडं दिसलं असतं."

बाराव्या दिवशी सकाळी ते पोचले. समोर करड्या दगडांचा उतार होता आणि त्यातून ओढा वाहत होता. गावाच्या वरच्या अंगाला अक्रोडाची दोन झाडे तेवढी उभी होती. त्यांच्यावरून सोमदत्ताने अंदाज घेतला आणि ती दगडांवरून चालू लागली. "हे सुताराचं. हे काकांचं. इथं गोठा." एका जागी ती थांबली, खाली बसली आणि दगडावर दोन्ही तळवे टेकून म्हणाली, "वेणू, मी आले गं. उशीर झाला."

मग ती रडली. नंदिसेन थोड्या अंतरावर उभा होता. ऊन कलेपर्यंत त्याने तिला हाक मारली नाही.

शेवटी तिनेच त्याला जवळ बोलावले. "तुझ्या त्या सोबत्याचं मी ऐकलं होतं. माझी नजर अधू झालीय, कान नाही झाले. तुम्ही मला द्रोणग्रामला नेलं असतं तर मी सुखी झाले असते का रे?"

"झाली असतीस, माय."

"मग का नाही नेलंस?"

"मग यांच्यासाठी रडायला कुणीच आलं नसतं."

सोमदत्ताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा दगडांकडे तोंड करून बसली.

त्या हिवाळ्यात नंदिसेनाच्या घरी पेज फार पातळ होती. घरातल्या सर्वांनी ती वाटून खाल्ली आणि उन्हाळा गाठला.

ही कथा शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, जमलेल्या भिक्खू-भिक्खुणींना सांगत होते. ती संपवून ते म्हणाले, "भिक्खूंनो, मरणाऱ्याला 'बरा होशील' असे गोड बोलून काल जो घाईने परतला, तो भिक्खू त्या वेळी कोटुक होता. माहेरची आठवण आवरत नाही म्हणून जी खाली मान घालून बसली आहे, ती भिक्खुणी सोमदत्ता होती. तिने मान वर करावी. ओढ वाटणे हा अपराध नव्हे. आणि नंदिसेन मी होतो. जे आहे ते सांगणे आणि सांगून झाल्यावर त्या माणसाबरोबर चढ चढून जाणे, या दोन्हींना मिळून सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, म्हणतात."