राजेसाहेबांना चिखल लागता कामा नये!

"फोटोत मी हवा! आणि मी नंतर चिकटवलाय हे कुणाच्या बापाला कळता कामा नये!" उंबरगडचे रणधीरराजे गरजले.

राज्य कधीच गेलं होतं, पण राजेसाहेबांचा आवाज मागेच राहिला होता. गावाने उन्हातान्हात खपून तळ्यातला गाळ उपसला. राजेसाहेब त्या दिवशी वाड्यात पंख्याखाली होते. आता रविवारी तळ्याच्या बांधावर मोठा फलक लागणार, कलेक्टरसाहेब येणार, आणि गाळ काढणाऱ्यांच्या फोटोत राजेसाहेब नसणार? छे!

काम आलं वैजयंता कासारकडे. वाड्याच्या देवडीतल्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. सगळं गाव तिला वैजू म्हणे.

"जमलं तर मागशील ते देईन," राजेसाहेब म्हणाले. "सांधा दिसला, तर देवडीतून गाशा गुंडाळायचा!"

वैजूला राजेसाहेबांचा दसऱ्याच्या दरबारातला फोटो मिळाला. पांढरा अंगरखा, जरीचा फेटा, कमरेला तलवार. तिने संगणकावर राजेसाहेबांना अलगद कापून गाळ उपसणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. पाहते तर काय, तळ्यावर ऊन उजवीकडून आणि राजेसाहेबांवर उजेड डावीकडून! तिने त्यांना आरशातल्यासारखं उलटं फिरवलं. कडा मऊ केल्या, दरबारातल्या दिव्यांचा पिवळेपणा काढला, पायाखाली सावली घातली. हातात टोपलीही दिली.

राजेसाहेबांनी भिंग लावून फोटो पाहिला.

"तलवार उजव्या कमरेला? मी काय डावखुरा आहे?"

"गाळ काढायला तलवार हवीच कशाला, सरकार?"

"बरं, काढ ती. पण तरी मी चिकटवल्यासारखाच दिसतोय!"

"दिसणारच. सगळे चिखलात न्हालेत आणि तुम्ही इस्त्रीतून आलात! चार शिंतोडे उडवते अंगरख्यावर, चुटकीसरशी मिसळून जाल."

"शिंतोडे?" राजेसाहेब ताडकन उठले. "उंबरगडच्या गादीवर चिखल? एक ठिपका दिसता कामा नये!"

"मग लोक विश्वास कसा ठेवतील?"

"का नाही ठेवणार? राजाचे कपडे स्वच्छच असतात!"

शेजारी उभे असलेले कारभारी अण्णाजी लगेच म्हणाले, "अगदी बरोबर, सरकार! स्वच्छच असतात."

वैजू खोलीत परतली आणि डोक्याला हात लावून बसली. चिखल लावला तर राजेसाहेब चिडणार, नाही लावला तर सांधा दिसणार. दोन्हीकडून देवडी जाणार! वडिलांच्या माघारी तिने हा स्टुडिओ एकटीने उभा केला होता. रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात पडद्यावरच्या त्या चिखलाने माखलेल्या माणसांकडे तिचं लक्ष गेलं. ती खुदकन हसली आणि कामाला लागली.

शनिवारी तिने नवा फोटो वाड्यावर नेला.

"सरकार, तुमच्या अंगावर एक ठिपका नाही. शोधा सांधा!"

राजेसाहेबांनी भिंग फिरवलं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कपाळाला आठ्या पडल्या.

"सांधा राहू दे! यात मी कुठे आहे?"

"हे काय सरकार!" अण्णाजींनी तत्परतेने बोट ठेवलं. "काय रुबाब आहे!"

"अहो, तो धोंडू गवंडी आहे!" राजेसाहेब खेकसले.

वैजूने राजेसाहेबांना हातच लावला नव्हता. तिने बाकी सगळं गाव धुऊन काढलं होतं! प्रत्येकाच्या अंगावर पांढराशुभ्र अंगरखा, डोक्याला जरीचा फेटा. बायकांच्या नव्याकोऱ्या साड्या. टोपल्यासुद्धा घासूनपुसून लख्ख!

"अगं, हे काय गाळ उपसणारे लोक आहेत?" राजेसाहेब ओरडले. "हे तर लग्नाचं वऱ्हाड! यांनी तळं उपसलं असं कोण म्हणेल?"

"का नाही म्हणणार?" वैजूने भाबडा चेहरा केला. "हेच कपडे तुमच्या एकट्याच्या अंगावर होते, तेव्हा तुम्ही तळं उपसलंत हे लोकांना पटणार होतं. मग यांनी काय घोडं मारलंय?"

अण्णाजींनी सवयीने "अगदी बरोबर" म्हणायला तोंड उघडलं आणि घाईघाईने मिटलं.

राजेसाहेबांच्या मिशा थरथरू लागल्या. आणि मग राजेसाहेब असे हसले, असे हसले, की फेटा सुटून खांद्यावर आला!

"पोरी, तू मला गावात मिसळायला सांगितलंस आणि मी अख्खं गाव माझ्यात मिसळायला लावलं! फाड तो फोटो. फलकावर खरा लाव, ज्यांनी गाळ काढला त्यांचा. मला वगळून!"

"आणि देवडी?"

"तुझीच! वर धाकट्या राजांच्या लग्नाचे सगळे फोटो तूच काढायचे. बोल, आणखी काय हवं?"

वैजूने फोटो फाडून टाकला.

"आणखी काही नको, सरकार. फक्त एवढं सांगा, लग्नाला नवरदेव स्वतः येणार आहेत, की नंतर चिकटवायचे?"