अनुभवाची अट

तालुक्याच्या आयटीआयत धातू कातणारं, संगणकावर चालणारं नवं लेथ मशीन येऊन आठ महिने झाले होते, पण ते अजून प्लास्टिकच्या आवरणातच होतं. उपसंचालक दिघावकर साहेबांचा आदेशच होता: ‘या मशीनवरचा एक वर्षाचा अनुभव असल्याशिवाय कोणीही त्याला हात लावू नये.’ मशीन शिकवणाऱ्या कुंदा वरखडे मॅडमनी तीन पत्रं लिहिली; उत्तर आलं नाही. जवळच्या कारखान्याला असंच मशीन चालवणारे कामगार हवे होते आणि जूनमध्ये मुलं कोरीच बाहेर पडणार, या विचारानं त्या अस्वस्थ होत्या.

एके दिवशी साहेब स्वतःच अवतरले. आधुनिक प्रशिक्षणाच्या अहवालासाठी त्यांना मशीन चालवतानाचा आपला फोटो हवा होता. मशीनवरचं आवरण काढलं गेलं, फोटोग्राफर सज्ज झाला, साहेबांनी टाय सारखा करून बटणाकडे हात नेला.

“थांबा साहेब,” मॅडम नम्रपणे म्हणाल्या, “या मशीनवर आपला वर्षाचा अनुभव आहे ना?”

“माझा? अहो, मी अधिकारी आहे!”

“आदेशात ‘कोणीही’ लिहिलंय, आणि खाली सही आपलीच आहे.”

साहेब चिडले. “मग तुम्ही घ्या की अनुभव!”

“घेतो ना साहेब. हात न लावता तो कसा घ्यायचा, तेवढं दाखवा. आम्ही आजच शिकतो.”

मुलं खाली मान घालून हसली. साहेबांनी मशीनकडे पाहिलं, ताटकळलेल्या फोटोग्राफरकडे पाहिलं आणि खिशातलं पेन काढून आदेश रद्द केल्याचं तिथंच लिहून दिलं.

दुपारी मुलांनी पहिला बोल्ट कातला. तो हातोहात फिरत मॅडमपर्यंत आला, तेव्हा सगळ्यांच्या हातांच्या उबेनं कोमट झाला होता.