मेथीच्या भाजीचं आमंत्रण

वैद्य त्र्यंबकशास्त्र्यांचा दरारा असा, की त्यांच्यासमोर रोगी खोकायलाही भ्यायचे. एका सकाळी त्यांनी रिटायर्ड पोस्टमन विसूतात्यांना भर दवाखान्यात फैलावर घेतलं.

"साखर पुन्हा वाढली! कारल्याचा रस, मेथीची भाजी, नाचणीची भाकरी, जेवणानंतर शतपावली. यातलं काय जमत नाही ते सांगा, मी स्वतः त्याची सोय करतो!"

बाकावरची माणसं तात्यांकडे बघू लागली. बायको गेल्यापासून तात्या एकटेच राहत.

"सगळं जमतं, शास्त्रीबुवा," तात्या म्हणाले. "घरी मी पथ्याचंच खातो. पण कुणाचं बारसं, साखरपुडा असला की धावत जातो आणि वाढतील ते गोड खातो. चार माणसांत तेवढंच बसायला मिळतं. तीस वर्षं मी गावाची आमंत्रणं घरोघर पोचवली, पण 'मेथीच्या भाजीला या' असं एकाही पत्रिकेत नव्हतं. तेवढी सोय करा."

शास्त्रीबुवांनी घसा खाकरला. मग त्यांनी चिठ्ठी लिहून, घडी घालून पुढे सरकवली.

तात्यांनी रस्त्यावर येऊन ती उघडली. काढ्याचं नाव कुठेच नव्हतं.

"उद्या दुपारी बारा वाजता मेथीच्या भाजीला यावे. मीही एकटाच जेवतो."