कटाच्या अलीकडे, कटाच्या पलीकडे

"इथं काळं का दिसतंय?" कुमुदताईंनी विचारलं.

शार्दूल पडद्याकडं वाकला.

पडद्यावर एक आई आपल्या जळत्या घराकडे पाहत होती. ताईंनी त्या शॉटचं टोक पुन्हा जरासं पुढं ओढलं. आई नाहीशी झाली. उरला नुसता काळा पडदा.

"ज्वाला उठते, ही दचकते, आणि तेवढ्यात तू कापतोस. तिचा चेहरा मला अजून थोडा हवाय. पुढचं कुठं आहे?"

"पुढचं नाहीच, ताई. अफ्रीननं दिलंच नाही."

कुमुदताई सरनोबत कोल्हापुरातल्या जुन्या संकलक. फिल्म हातानं कापून चिकटवायच्या काळापासूनच्या. शार्दूल त्यांच्याकडे शिकत होता. हात चांगला होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

आगीचा प्रसंग त्यानंच जुळवला होता. चित्रीकरणात खरी आग नव्हतीच. एकेक क्लिप एक्सपोर्ट करून त्यानं अफ्रीन मुल्लाकडे पाठवली. तिनं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ज्वाला, धूर, ठिणग्या भरून त्या परत धाडल्या.

"तिला तू काय दिलं होतंस?"

"लागतं तेवढं. माझ्या कटापासून माझ्या कटापर्यंत."

"जादा एकही फ्रेम नाही?"

"कशाला? माझा कट नेमका होता."

"मग ती पुढचं आणणार कुठून?"

"तिनं मागून घ्यायचं! तिचं कामच आहे ते. मी निर्मात्यांना, देवकुळेसाहेबांना, तसं स्पष्ट सांगितलंय. आज सकाळी त्यांनी तिला सिनेमातून काढून टाकलं."

ताईंची खुर्ची मागं सरकली.

"काढून टाकलं...?"

"ताई, माझं म्हणणं एवढंच की..."

"पुरे."

"नाही, म्हणजे तिनं जर..."

"पुरे!"

"पण आगीचा वेग..."

ताईंचा तळवा टेबलावर आपटला. "पुरे म्हटलं ना!"

शार्दूलचा चेहरा लाल झाला. "मला वाक्य तरी पुरं करू द्या! अर्धवट ऐकून दोषी ठरवता? हा कुठला न्याय?"

"लागतं तेवढं ऐकलं मी," ताई म्हणाल्या. "माझा कट नेमका होता."

त्याची नजर पडद्यावरच्या काळ्या जागेवर गेली.

"फोन लाव."

"अफ्रीनला?"

"आधी देवकुळ्यांना. इथं, माझ्यासमोर."

त्यानं लावला. चूक आपली होती, क्लिप आपणच तोकड्या पाठवल्या, असं सांगितलं. निर्माते देवकुळे इतके ओरडले की त्यानं फोन कानापासून लांब धरला. शेवटी अफ्रीनला परत घेतो म्हणाले. ताई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.

मग अफ्रीन. फोन स्पीकरवर होता.

"अफ्रीन, सॉरी. तुझी चूक नव्हती. तू परत ये."



"मी मागितलं होतं, शार्दूल," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना थोडं जादा दे, म्हटलं होतं. तू माझ्यावरच ओरडलास, मला कट शिकवू नकोस."

ताईंनी त्याच्याकडं पाहिलं. "खरं आहे हे?"

"...हो."

"माझ्याशी खोटं बोललास."



"सगळ्या क्लिप पुन्हा पाठव," अफ्रीनचा आवाज आला. "मला सगळी आग पुन्हा पेटवावी लागणार आहे. आणि परत माझ्यावर ओरडलास ना, तर कुणी काढायची वाट बघणार नाही. मीच जाईन."

फोन बंद झाला.

शार्दूल दुपारभर तेच करत बसला. शॉट उघडायचा, अलीकडचं थोडं घ्यायचं, पलीकडचं थोडं घ्यायचं, एक्सपोर्ट करायचं. ताई शेजारीच बसून दुसरा प्रसंग पाहत होत्या. त्यांनी त्याला ना चहा विचारला, ना आणखी काही.

शेवटची क्लिप गेली. त्यानं माऊस टेबलावर जवळजवळ आदळलाच.

"झालं. सगळ्यांना दोन्हीकडं जादा दिलंय." राग अजून त्याच्या नाकावर होता. "यातलं बहुतेक वायाच जाणार, ताई."

ताईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"वाया जावं म्हणूनच द्यायचं असतं."