दवंडी पिटून बांधलेली पाणपोई

पूर्वी शूर्पारक बंदरावर सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दोरखंड विकणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. नाव वल्कल. वय झालेले, जीभ तिखट. चौकात रोज सकाळी दवंडी होई. राजाची आज्ञा ऐकली की लोक पांगत. वल्कल मात्र कुणाची गाय हरवली, कुणाचे बारसे आहे, हे सगळे ऐकून झाल्यावरच जागचा हले.

"दाजी, त्या गाईशी तुमचं नातं काय?" दुकानातला भागीदार, मेहुणा सुयाम, चिडवी.

"तुझ्यापेक्षा ती बरी. हरवते तेव्हा गप्प तरी असते."

एके सकाळी दवंडीवाला म्हणाला, "कुंभारांनो, ऐका! यंदा जत्रेला भाड्याची गाढवं मिळायची नाहीत. सगळी आधीच ठरलीत." लोक हसले. मग एकदा पुकारा झाला, की बंदरावरचा बडा व्यापारी श्रेष्ठी मणिभद्र आपल्या जुन्या घोडशाळेवर नवे छप्पर घालतोय, झावळ्या असतील त्यांनी आणून द्याव्या. तेही लोक विसरले. आणि एके दिवशी ढोल जरा जास्तच घुमला: "दानशूर मणिभद्र मिठागराच्या वाटेवर पाणपोई बांधताहेत हो! पौर्णिमेच्या मुहूर्तावर पाणी वाहणार!" लोकांनी जयजयकार केला.

वल्कलच्या हातातला दोर गळून पडला. तो दुकानाकडे धावला. मणिभद्राकडे घोडा एकही नव्हता, मग छपराची एवढी काळजी कशापायी? थेंबभर पाणीही न सोसणारा माल कोणता? आणि त्या रणरणत्या वाटेवर पाणी पिणार कोण? गाढववाले! गाढवे तर सगळी आधीच ठरलेली!

"सुयाम! अरे, मीठ! बंदरातलं सगळं मीठ उचलतोय तो!"

सुयाम उडालाच. "मग आपण आधी उचलू! पौर्णिमेला अवकाश आहे. त्यालाच चढ्या भावानं विकू. दाजी, जन्मभर दोर वळलेत, आता तरी सुखाचा घास खाऊ!"

वल्कललाही ते गोड वाटले. खोटे कशाला बोला? पण तेवढ्यात सामा कोळीण जाळ्याचा दोर न्यायला आली.

"म्हातारबा, जाड दोर दे हां. बांगडा येतोय. पावसाळ्यात खाणारी तोंडं वाढलीत घरात."

वल्कलला एकदम उमगले. मिठावाचून बांगडा दुसऱ्या दिवशी कुजतो, आणि पावसाळाभर कोळीवाडा सुक्या मासळीवरच जगतो.

"सामे, मीठ आणलंस?"

"मासळी आली की आणू."

"तेव्हा मिळायचं नाही. आजच आण." मणिभद्राचा बेत त्याने तिला सांगून टाकला.

सामाचा चेहरा उतरला, पण तिने मान हलवली. "मासळीच्या आधी मीठ घरात आणलं, तर दर्या तोंड फिरवतो. सासूनं शिकवलंय. कोळीवाड्यात कुणी आणायचं नाही."

सुयामने वल्कलचे उपरणे ओढले. "सांगून झालं ना? चला आता, आपलं आपण बघू."

वल्कलने उपरणे हिसकून घेतले आणि एकदम ओरडला, "घरात आणू नये म्हणाली ना तुझी सासू? मग माझ्या दुकानात ठेव!"

सामा खळखळून हसली. "म्हातारीला हे सुचलं नव्हतं बघ!" पदर खोचून ती धावत सुटली.

मग काय गडबड उडाली! अख्खा कोळीवाडा टोपल्या घेऊन मिठागरावर. नेहमीप्रमाणे गेल्या सालची सुकी मासळी द्यायची, मीठ घ्यायचे. वल्कलने दुकानातले दोरखंड अंगणात फेकून जागा केली. सुयाम शिव्या घालीत होता, पण बैलगाड्या त्यानेच जुंपल्या.

पौर्णिमेला शेवटच्या गाड्या परतत होत्या, तेव्हा पाणपोईपाशी मांडव सजला होता. मुहूर्ताची वाट पाहत मणिभद्राने भाड्याने ठरवलेली गाढवे गळ्यात माळा घालून उभी. मिठाने भरलेल्या गाड्या पाहून मणिभद्र पांढरा पडला.

"वल्कल, माझ्या घरातलं कोण फितूर झालं? नाव सांग!"

वल्कलने ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसले. "पाणी गोड आहे, श्रेष्ठी. नाव तुमचंच. दान गुपचूप केलं असतं, तर मला काय कळणार होतं? ढोल तुम्हीच वाजवलात."

बांगडा आला, खारवला गेला. कोळीवाड्याचा पावसाळा पोटभर गेला. उरलेले मीठ मणिभद्राने उचलले, पण घ्यायला कुणी फिरकले नाही, ते घोडशाळेतच पाझरले. पाणपोई मात्र राहिली. तेवढे पुण्य त्याच्या हातून चुकून घडले. वल्कलचे निम्मे दोर अंगणात दवाने कुजले. त्यावरून सुयाम मरेपर्यंत बोलला.

ही कथा सांगून शास्त्याने भिक्षूंपुढे जुन्या जन्मांची गाठ उकलली: "तेव्हाचा मणिभद्र तो आजचा देवदत्त. सुयाम हा आपला आनंद. सामा ती भिक्षुणी उत्पलवर्णा. आणि तो किरकिरा दोरवाला, भिक्षूंनो, मीच होतो."

आनंद खाली मान घालून हसला. शास्ता पुढे म्हणाला, "बारीक बातमीतून मोठा बेत ओळखणं ही नुसती हुशारी, ती मणिभद्राकडेही होती. तिला करुणेनं जुंपलं, की ती प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."